जुना बिझनेस लॅपटॉप घ्यावा का? दुकानातला एक तास

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय मी खरं तर टाळत होते. कारण ‘सेकंडहँड लॅपटॉप घेऊ का गं?’ असं कुणी विचारलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. का येतो ते सांगतेच. पण आधी मामाचा फोन.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, कराडहून मामाचा फोन आला. मामेबहिणीला पुण्यात बीसीएसला ॲडमिशन मिळालेली. मामा म्हणाला, “लॅपटॉप लागणार म्हणतीया. वीस हजारांच्या वर जाऊ नको. तू त्यातलीच आहेस, तूच बघ.” मामाचं किराणा दुकान आहे. वीस हजार म्हणजे त्याच्यासाठी सहज काढून द्यायची रक्कम नाही, आणि ‘तूच बघ’ म्हणजे चुकलं तर माझ्यावर.

मामेबहिणीने स्वतः एक शोधून ठेवला होता. ऑनलाइन, नवा कोरा, बॉक्सपॅक, बावीस हजारांचा सेलमध्ये एकोणीस हजार. दिसायला चकाचक, पातळ, चंदेरी. मी स्पेसिफिकेशन उघडलं. सेलेरॉन एन४०२०, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी ईएमएमसी. आता हे आकडे ऐकून कुणाला काही वाटणार नाही, म्हणून फोड करून सांगते. एन४०२० मध्ये दोनच कोअर आहेत. चार जीबी रॅमपैकी बराचसा भाग विंडोज स्वतःच खातं, उरलेल्यात क्रोमचे चार टॅब उघडले की लॅपटॉप धापा टाकतो. ती रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. आणि ईएमएमसी म्हणजे, ढोबळमानाने सांगायचं तर, मेमरी कार्डाचा चुलतभाऊ, तोही बोर्डवर चिकटवलेला. चौसष्ट जीबीमध्ये विंडोजचं मोठं अपडेट आलं की ‘जागा नाही’ असा मेसेज येतो. थोडक्यात, हा लॅपटॉप विकत घेतल्या दिवशीच पूर्ण झालेला असतो. त्यात पुढे काहीच करता येत नाही.

मग मी तिला म्हटलं, “जुना थिंकपॅड घेऊया?” ती पलीकडून गप्प. मग हळूच, “ताई, सेकंडहँड?” तिच्या आवाजात ते होतं ना, मैत्रिणी काय म्हणतील वगैरे. मला कळत होतं. माझ्याही मनात ‘सेकंडहँड?’ हेच होतं, पण कारण वेगळं.

२०२१ मधली गोष्ट. लॉकडाऊन, भावाचं कॉलेज ऑनलाइन, घरात एकच मोबाइल फिरतोय. आईने भिशीचे एकवीस हजार काढून दिले आणि मी मोठ्या ऐटीत एक वापरलेला बिझनेस लॅपटॉप घेऊन आले. दुकानाचं नाव घेत नाही, लॅपटॉपच्या कंपनीचंही नाही. आठवडाभर मस्त चालला. मग मी हुशारी केली, ‘जरा स्वच्छ विंडोज टाकते’ म्हणून रिसेट मारला. सेटअपमध्ये वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर आलं एका भल्यामोठ्या कंपनीचं नाव आणि स्वागत. पुढे जायचं असेल तर कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड टाका. तो लॅपटॉप त्या कंपनीच्या यादीतून कधी काढलेलाच नव्हता. विसरून राहिला होता की दुसऱ्याच वाटेने बाजारात आला होता, देव जाणे. दुकानदाराचा फोन आधी बिझी, मग बंद. मी बीटेक, वर सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि घरात एकवीस हजारांचा पेपरवेट. आईने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. तेच जास्त लागतं.

हे सगळं असूनही मी मामेबहिणीला तोच सल्ला का दिला? कारण २०२१ मध्ये माझी चूक ‘जुना लॅपटॉप’ घेण्यात नव्हती. मी मॉडेल बघितलं होतं, पण समोरचा तो एक लॅपटॉप बघितलाच नव्हता. मॉडेल कितीही भारी असू दे, तुम्ही मॉडेल घरी नेत नाही. त्यातला एक नग नेता. सात वर्षं कुणीतरी वापरलेला नग.

आता हे बिझनेस लॅपटॉप प्रकरण काय आहे ते बघू. दुकानात दिसणारे बहुतेक लॅपटॉप घरगुती ग्राहकांसाठी असतात. कंपन्यांसाठी वेगळ्या मालिका असतात. लेनोवोची थिंकपॅड टी सिरीज, डेलची आधीची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. एखादी आयटी कंपनी हजारोंच्या संख्येने ते घेते किंवा लीजवर आणते. तीन-चार वर्षांनी वॉरंटी किंवा लीज संपली की सगळे एकदम बाहेर. तेच ट्रकने भरून रिफर्बिश्डवाल्यांकडे येतात, आणि तिथून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, तुमच्या-आमच्या शहरातल्या दुकानांत. नवे असताना हे लॅपटॉप लाखाच्या आसपास किंवा वर जातात. म्हणजे वीस हजारांत तुम्ही एकेकाळचा महाग लॅपटॉप घेता.

आणि ते वेगळे बांधलेले असतात, हे खरं आहे. कारण कंपनीच्या आयटी विभागाला एक लॅपटॉप बिघडला की तासाभरात दुरुस्त करून हवा असतो. त्यामुळे मागचं झाकण स्क्रूड्रायव्हरने निघतं, रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, बॅटरी बदलता येते, कीबोर्डसुद्धा वेगळा मिळतो. लेनोवो तर थिंकपॅडचं दुरुस्तीचं पूर्ण मॅन्युअल पीडीएफमध्ये फुकट देते, कुठला स्क्रू कुठे, कुठला भाग आधी काढायचा, सगळं चित्रांसकट. माझ्या मते ‘टिकाऊ’चा खरा अर्थ हा आहे. आपटल्यावर तुटत नाही तो टिकाऊ, असं आपण समजतो. पण काहीतरी तर बिघडणारच, सात वर्षांत बिघडतंच. बिघडलेला तेवढाच भाग बदलून पुढे जाता येतं का, हे बघायचं.

इथे एक छोटी टिप्पणी, कारण दुकानदार हे वाक्य हमखास फेकतात: “मॅडम, मिलिटरी ग्रेड आहे!” एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे, कंप, धूळ, तापमान, आर्द्रता वगैरे. लॅपटॉप कंपन्या त्यातल्या काही चाचण्या निवडून करतात आणि जाहिरातीत लिहितात. लष्कराने येऊन शिक्का मारला असा त्याचा अर्थ नाही. आणि चाचणी नव्या लॅपटॉपवर झालेली असते. आपल्या समोरचा सात वर्षं बॅगेत कोंबला गेलाय, त्याच्या बिजागऱ्यांना त्या चाचणीचं काही माहीत नाही.

बरं. तर मी निवडलेलं मॉडेल थिंकपॅड टी४८०. २०१८ साली आलेलं. तेच का, याला ठोस कारण आहे, आणि हे कारण तुम्ही कुठल्याही कंपनीचा जुना लॅपटॉप घेताना वापरू शकता.

इंटेलच्या आठव्या पिढीला मोठी उडी आहे. सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय५ ला दोनच कोअर असायचे. आठव्या पिढीत तेवढीच वीज खाऊन चार कोअर, आठ थ्रेड मिळाले. आणि दुसरं, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं, त्याआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने यादीबाहेर ठेवले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आम्ही जुलैमध्ये खरेदीला गेलो तेव्हा ती तारीख तोंडावर होती, आणि बाजारात सातव्या पिढीचे लॅपटॉप अचानक खूप स्वस्त दिसायला लागले होते. स्वस्त का, ते आता कळलं असेल.

म्हणून ‘आय५ आहे’ एवढ्यावर कधीही थांबू नका. आय५ हे आडनाव आहे, माणूस कोण ते पुढच्या आकड्यावर कळतं. आय५-७२००यू मध्ये डॅशनंतर सात, म्हणजे सातवी पिढी. आय५-८३५०यू मध्ये आठ, म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे. हे स्टिकरवर बघू नका, स्टिकर पाच रुपयांना मिळतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर किती, रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत, सगळं दिसतं. लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ हेसुद्धा याच आठव्या पिढीचे, तेही चालतील. मी टी४८० वर अडून बसले कारण त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि मागून काढता येणारी बॅटरी आहे. त्याचाच पातळ भाऊ टी४८०एस, त्यात थोडी रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच. पुढच्या वर्षीच्या टी४९० मध्येही तसंच, आणि बाहेरची बॅटरी गायब. म्हणजे नावात एक अक्षर वाढलं तरी आतलं गणित बदलतं.

आता दुकान. मी, मामा आणि मामेबहीण. मामा एसटीने पहाटे निघून आलेला, खिशात पैसे रोख. दुकानदार माणूस चांगला होता, चहा मागवला. काउंटरवर चार लॅपटॉप मांडले, “चारही सेम आहेत ताई, कुठलाही उचला.”

पहिला उघडला, टास्क मॅनेजर लावला. आय५-७२००यू. हा टी४८० नव्हताच, टी४७० होता. दोघे दिसायला इतके सारखे आहेत की शेजारी ठेवले तर मलाही पटकन ओळखू येत नाही. दुकानदार म्हणाला, “अरे, मिक्स झाला वाटतं.” असेल. मी बाजूला ठेवला.

दुसरा सगळ्यात देखणा. झाकणावर नवी कोरी कार्बन फायबरसारखी दिसणारी स्किन, कीबोर्डवर नवे स्टिकर. मामेबहिणीचा हात लगेच तिकडे गेला. मला अशा मेकअपची भीती वाटते. मी स्क्रीन हळूहळू पुढे-मागे केली, कान लावून. डाव्या बिजागरीपाशी कट्-कट्. नखाने स्किनचा कोपरा चाचपला तर खाली प्लॅस्टिकला चीर होती. बिजागरीजवळची चीर वाढत जाते, एक दिवस झाकण उघडताना तिथलं प्लॅस्टिकच उखडतं. बदलता येतं, पण त्या खर्चाचे पैसे मी आज का देऊ?

तिसऱ्यात सगळं ठीक, पण स्क्रीन एचडी, म्हणजे १३६६ बाय ७६८. याच मॉडेलमध्ये फुल एचडी आयपीएस पण येते आणि ही साधी पण येते, बाहेरून फरक दिसत नाही. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बघा, आणि स्क्रीन जरा तिरकी करून बघा. रंग उलटेपालटे झाले तर साधी. दिवसभर कोड वाचायचाय तिला, फुल एचडी हवीच.

चौथा दिसायला सगळ्यात गरीब. कीबोर्डवरची अक्षरं फिकट, स्पेसबार घासून गुळगुळीत, झाकणावर ओरखडे. पण बिजागऱ्या घट्ट, स्क्रीन फुल एचडी, प्रोसेसर आय५-८३५०यू. किंमत साडेअठरा हजार, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. त्याच्यापुढे मी खुर्ची ओढून बसले. मामाला म्हटलं, “मामा, तुम्ही चहा घ्या, मला तासभर लागेल.”

सगळ्यात आधी बायोस. माझी जखम तिथलीच जवळपासची आहे. थिंकपॅड चालू करताना एफ१ दाबत राहायचं. आत गेल्यावर पासवर्ड मागितला, किंवा आत गेलात पण सगळं करडं, काहीच बदलता येत नाही, तर तिथेच उठायचं. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, छोटी सेलबॅटरी काढून तो जात नाही. अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदला. मग आत सिक्युरिटीच्या भागात ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाचं काही चालू आहे का ते बघायचं. कंपन्या चोरीला गेलेले लॅपटॉप शोधायला ते वापरतात. चालू असेल तर आधीच्या मालकाने लॅपटॉप खरंच सोडलाय का, हा प्रश्न उभा राहतो. आमच्यावाल्यात बंद होतं.

मग मी म्हटलं, “दादा, रिसेट मारणार.” दुकानदाराचा चेहरा पडला. “अहो ताई, विंडोज टाकलेलं आहे, ॲक्टिव्हेटेड आहे, कशाला?” इथे मी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका. ते कंपनीच्या लॉगिनचं लफडं फक्त एका वेळी उघडं पडतं, पूर्ण रिसेटनंतर सेटअप चालू असताना इंटरनेट जोडल्यावर. दुकानवाल्यांनी इंटरनेट न जोडता लोकल अकाउंटने विंडोज टाकून ठेवलं असेल तर आठवडे, महिने काहीच कळत नाही. मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला, आणि आम्ही बसलो बघत. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यात मामाने दुकानदाराला त्याचं मूळ गाव विचारून सोयरीक काढली. स्क्रीनवर गोल फिरतंय आणि माझ्या डोक्यात आईची भिशी. मग साधं पान आलं, मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाका. कुठल्या कंपनीचं नाव नाही, काही नाही. मी इतका मोठा श्वास सोडला की मामेबहीण म्हणाली, “ताई, काय झालं?” तिला तेव्हा सांगितलं सगळं.

पुढे बॅटरी. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि कमांड द्यायची: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होते. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक मागे लावायची. आतली २४ वॉट-अवरची, तिच्यात १७ उरले होते, म्हणजे सत्तर टक्के. सात वर्षांच्या मानाने छान. मागची पण २४ चीच, तिच्यात ११. ती जवळजवळ म्हातारी. पण मागची बॅटरी दोन खटके सरकवले की हातात येते, नवी आणून लावायची, दुकानात जायचीही गरज नाही. त्यात ७२ वॉट-अवरची मोठीही मिळते, जराशी पायासारखी खाली येते एवढंच. मी तो रिपोर्ट दुकानदाराला दाखवला. घासाघीस न करता त्याने हजार रुपये कमी केले. कागदावर आकडा असला की वाद होत नाही.

एसएसडीसाठी मी पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर नेलं होतं. हेल्थ ९३ टक्के. ठीक.

मग पोर्ट. इथे टी४८० ची एक खास गोष्ट माहीत हवी. त्या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये एक दोष होता, ज्यामुळे काही काळाने यूएसबी-सी पोर्ट नीट चालेनासे व्हायचे. लेनोवोने नंतर अपडेट काढून तो दुरुस्त केला. पण ज्या लॅपटॉपमध्ये कुणी ते अपडेट टाकलंच नाही, त्यांचं नशीब त्यांच्यापाशी. म्हणून दोन्ही यूएसबी-सी पोर्टमध्ये चार्जर लावून बघितला, दोन्हींत पेनड्राइव्ह लावून बघितला. चालले. घरी गेल्यावर पहिलं काम ते फर्मवेअर अपडेट. बाकी कीबोर्डचं प्रत्येक बटण नोटपॅडमध्ये दाबून, कॅमेरा, माइक, वायफाय, हेडफोन, हे सगळं पाच मिनिटांत होतं, फक्त कंटाळा करायचा नाही.

साडेसतरा हजार, जीएसटी बिलासह, बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला, सहा महिन्यांची वॉरंटी लेखी. काही दुकानं ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ म्हणतात, त्यात मन रमवू नका, निदान तीन महिने मागा. वर आठ जीबीची एक रॅम वेगळी घेतली पंधराशेला, घरी झाकण उघडून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. स्क्रू झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे पलंगाखाली शोधायची वेळ येत नाही. पण उघडण्याआधी मागची बॅटरी काढा आणि आतली बायोसमधून डिसेबल करा, ते मात्र विसरू नका. एकोणीस हजारांत चार कोअर, सोळा जीबी रॅम. मामाच्या खिशात हजार उरले, त्यातून एक बॅग आली.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल ताई जाहिरात करतेय. या लॅपटॉपची स्क्रीन उजेडाला कमी पडते, फुल एचडीचीसुद्धा साधारण २५० निट्सचीच असते. खिडकीजवळ बसलात तर डोळे बारीक करावे लागतात. रंग फिके, त्यामुळे फोटो एडिटिंग, डिझाइन करणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. कॅमेरा ७२० पीचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर तुम्ही दहा वर्षांपूर्वीच्या दिसता. स्पीकर नावालाच. एसएसडीच्या जागेची रचना अशी आहे की एनव्हीएमई टाकली तरी तिचा साधारण निम्माच वेग मिळतो, अर्थात रोजच्या कामात ते जाणवत नाही. गेमिंग विसरा. फोनइतकी सडसडीत वस्तू हवी असेल तर हा वीट आहे. आणि बजेट पंचेचाळीस-पन्नास हजार असेल, तर मी स्वतः नवा घ्यायला सांगेन, कारण तिथे चांगले नवे पर्याय मिळतात, पूर्ण वॉरंटी मिळते. हा सगळा खटाटोप पंधरा ते पंचवीस हजारांच्या पट्ट्यातला आहे, जिथे नवं म्हणजे सेलेरॉन आणि चार जीबी.

आणि एक, ऑनलाइन घेणार असाल तर हा दुकानातला तास तुम्हाला मिळत नाही. मग परत करायची मुदत किती ते आधी वाचा, आणि पार्सल आल्या दिवशीच हे सगळं करा, रिसेटसकट. पॅकेट उघडतानाचा व्हिडिओ काढा. ‘रविवारी बघू’ म्हणालात की मुदत संपलीच.

विंडोज नको असेल तर लिनक्स या लॅपटॉपवर फार गुण्यागोविंदाने चालतं, पण मी मामेबहिणीला पहिल्याच सेमिस्टरला ते दिलं नाही. तिला सी शिकायचंय, वायफायच्या ड्रायव्हरशी भांडायचं नाहीये. दिवाळीच्या सुट्टीत शेजारी मिंट टाकून दिलं, आता तिचं ती ठरवते कशात काम करायचं ते.

मैत्रिणी काय म्हणतील, हा प्रश्न राहिला होता ना? पहिल्या आठवड्यात एक-दोघी म्हणाल्या म्हणे, ‘हा ऑफिसमधला आहे का?’ मग प्रॅक्टिकलला एकीच्या चंदेरी लॅपटॉपवर कोड एडिटर उघडेपर्यंत हिचा प्रोग्रॅम रन होऊन झाला, तेव्हापासून विषय बंद. हे तिने सांगितलेलं आहे, थोडं मीठमसाला धरून चाला.

परवा तिचा फोन आला. मागची बॅटरी आता अर्धा तासही धरत नाही, नवी कुठली घेऊ? मी म्हटलं, पार्ट नंबर जुन्या बॅटरीच्या खाली छापलाय, फोटो पाठव. म्हणाली, “फोटो कशाला, मी काढून वाचते की.” आणि फोनवर बोलता बोलता तिने खटके सरकवून बॅटरी काढली, लॅपटॉप चालूच होता आतल्या बॅटरीवर, आणि नंबर वाचून दाखवला. मग विचारते, “ताई, कीबोर्डच्या मधोमध ते लाल बटण आहे ना, ते निघालंय माझ्याकडून. ते कशाला असतं?”

तो ट्रॅकपॉइंट. त्याच्यावर पुढचा एपिसोड करते. तोपर्यंत तुमच्या लॅपटॉपचा बॅटरी रिपोर्ट काढून बघा आणि आकडे मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू!